क्रिप्टो फ्यूचर्सचे ट्रेड जर्नलमध्ये कसे चढवायचे, शिल्लक जुळेपर्यंत

पहिल्यांदा मी माझे क्रिप्टो फ्यूचर्सचे (म्हणजे वायद्याचे) ट्रेड जर्नलमध्ये, म्हणजे सौद्यांचा हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, इम्पोर्ट केले तेव्हा स्क्रीनवर आलं की माझा विन रेट ७१ टक्के आहे, म्हणजे शंभरातले ७१ ट्रेड नफ्यात, आणि तीन महिन्यांत मी साडेचारशे डॉलर कमावलेत. वॉलेटमध्ये मात्र पैसे कमी झालेले. खरं सांगतो, अर्धा तास मी तो हिरवा ग्राफच बघत बसलो, वाटलं वॉलेटच काहीतरी चुकीचं दाखवतंय.

आमचे काका इंदूरच्या सियागंज बाजारात एका तेलाच्या पेढीवर आयुष्यभर हिशेब लिहायचे, रोजकीर्द, खतावणी, सगळं हातानं. इंदूरला सोया तेलाचा वायदा जोरात होता तो काळ त्यांनी बघितलेला, त्यामुळे वायदा हा शब्द त्यांना नवा नाही. रविवारी पोहे-जिलबी घेऊन रामबागेत त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा लॅपटॉप दाखवला. त्यांना क्रिप्टो कळत नाही आणि कळून घ्यायचीही हौस नाही. पोह्यांवर जिरावण भुरभुरवत त्यांनी एवढंच विचारलं, "सुरुवातीची शिल्लक किती, अखेरची किती, आणि मधला फरक तुझ्या ह्या वहीत निघतो का?" निघत नव्हता. "मग ते रंगीत बंद कर आधी."

त्यानंतर माझे तीन रविवार गेले. तुमचा एकात व्हावा म्हणून हे लिहितोय. क्रिप्टो फ्यूचर्स करा असं मी कोणालाच सांगत नाहीये बरं का, लिव्हरेजवर (थोडे पैसे ठेवून मोठा सौदा) पैसा किती पटकन जातो ते पुढे आकड्यांत दिसेलच. पण करतच असाल तर निदान वही तरी खरी असू द्या.

काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. मोबाइलवर हे होत नाही, म्हणजे होतं पण डोकं फिरतं.
- एक्स्चेंजचं (जिथे ट्रेड करता त्या साइटचं) लॉगिन आणि त्याचा ऑथेंटिकेटर हाताशी, कारण एक्सपोर्ट करताना बऱ्याचदा कोड मागतात.
- एक्सेल किंवा गूगल शीट्स.
- जर्नल. कॉइनमार्केटमॅन, ट्रेड्सव्हिज, ट्रेडझेला, ट्रेडरसिंक असे बरेच आहेत, आणि साधी शीटसुद्धा चालते. तुमच्या एक्स्चेंजचं नाव त्यांच्या यादीत आहे का आणि फ्यूचर्स चालतात का हे पैसे भरायच्या आधी बघा. यादीत नाव असतं आणि आत गेल्यावर फक्त स्पॉट (साधी रोखीची खरेदी-विक्री) चालतो असंही निघतं.
- एक कोरी वही आणि पेन. का ते पायरी ८ मध्ये.

१. कुठली फाइल घ्यायची

पहिली चूक इथेच होते. एक्स्चेंजवर एक्सपोर्ट दाबलं की साधारण चार प्रकार दिसतात आणि नावं इतकी सारखी की कोणीही गोंधळेल.

ऑर्डर हिस्ट्री म्हणजे तुम्ही काय काय सांगितलं त्याची यादी, कॅन्सल केलेल्या ऑर्डरी पण त्यात असतात. ही नको. पोझिशन हिस्ट्री दिसायला सगळ्यात सुबक, एक पोझिशन (घेतल्यापासून बंद होईपर्यंतचा एक व्यवहार) एक ओळ, म्हणून नवे लोक तीच उचलतात, पण तुम्ही अर्धा माल आधी काढला आणि अर्धा नंतर तर ते त्यात दिसत नाही, बऱ्याच ठिकाणी फी पण वेगळी मिळत नाही. ही पण नको.

घ्यायच्या दोन. ट्रेड हिस्ट्री, म्हणजे प्रत्यक्षात झालेला एकेक सौदा. आणि ट्रान्झॅक्शन हिस्ट्री, म्हणजे वॉलेटमधून पैसा कशाकशाने आला-गेला: रिअलाइज्ड पीएनएल (बंद झालेल्या सौद्यांचा नफा-तोटा), कमिशन म्हणजे फी, फंडिंग फी (ते पायरी ७ मध्ये), ट्रान्सफर. काकांच्या भाषेत दुसरी फाइल म्हणजे रोजकीर्द. जर्नलमध्ये जाते ती पहिली, पण पहिली बरोबर गेली की नाही हे कळतं दुसरीवरून. म्हणून दोन्ही एकाच वेळी, एकाच तारखांच्या घ्या.

एक ऑर्डर म्हणजे एक ओळ असं नसतं हे पण इथेच समजून घ्या. मी २० सोलाना घेतले तर ते ८, ७ आणि ५ असे तीन तुकड्यांत भरले गेले, फाइलीत तीन ओळी. हे डुप्लिकेट नाहीत, डिलीट करू नका. जर्नल ते आपोआप एकत्र करतं.

एक्सपोर्टला तारखांची मर्यादा असते, त्यामुळे मोठा काळ असेल तर तुकडे करावे लागतात, आणि काही ठिकाणी दिवसाला किंवा महिन्याला किती वेळा एक्सपोर्ट करता येईल त्यालाही मर्यादा आहे, म्हणून सटासट बटणं दाबू नका. आणि दर महिन्याला फाइल उतरवून ठेवायची सवय लावा. २८ डिसेंबर २०२३ ला एफआययूने (केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने) नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटीस दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची अ‍ॅप्स आणि साइट्स भारतात बंद व्हायला लागल्या, तेव्हा लोकांची पळापळ झालेली. त्यातली काही नंतर रजिस्टर होऊन परत आली ही गोष्ट वेगळी. आपला हिशेब आपल्या कपाटात असलेला बरा.

२. सुरुवात कुठून करायची

ही पायरी शांतपणे वाचा, माझं ७१ टक्केवालं नाटक सगळं इथून झालं.

मी फाइल घेतली १ एप्रिलपासून, नवीन आर्थिक वर्ष, दिसायला छान. पण १ एप्रिलला माझ्याकडे इथेरियमचा एक लॉन्ग (भाव वाढेल म्हणून घेतलेली पोझिशन) आधीपासून उघडा होता, मार्चमध्ये घेतलेला. तो मी २ तारखेला विकून बंद केला. आता फाइलीत इथेरियमची पहिली ओळ कुठली? सेल. जर्नलला मार्चचं काही माहीतच नाही, त्याला वाटलं ह्यानं शॉर्ट उघडला, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकलं. मग ४ तारखेला मी नवीन लॉन्ग घेतला, जर्नल म्हणालं शॉर्ट बंद झाला. ५ ला तो लॉन्ग विकला, जर्नल म्हणालं परत नवीन शॉर्ट. आणि अशी सगळी माळ उलटी, जूनपर्यंत.

गंमत बघा, म्हणजे मी जेव्हा पोझिशनमध्ये होतो तो वेळ जर्नलच्या लेखी रिकामा होता, आणि मी जेव्हा बाहेर बसून चहा पीत होतो त्या वेळाचा नफा-तोटा ते मला दाखवत होतं. तो ७१ टक्के विन रेट माझ्या चहाचा होता.

उपाय सोपा आहे. मागे जाऊन अशी तारीख शोधा जेव्हा तुमची एकही पोझिशन उघडी नव्हती, आणि तिथून फाइल सुरू करा, भले ती १७ मार्च का असेना. अशी तारीख सापडतच नसेल तर प्रत्येक कॉइनचा पहिला सौदा बघा, तो जर आधीची पोझिशन बंद करणारा असेल तर तेवढ्या ओळी पहिल्या इम्पोर्टमधून काढून वेगळ्या ठेवा. ओळखायचं कसं? ट्रेड हिस्ट्रीत रिअलाइज्ड प्रॉफिटचा कॉलम असतो. पोझिशन उघडताना तो शून्य असतो, बंद करताना आकडा येतो. कॉइनच्या पहिल्याच ओळीत आकडा दिसला की समजायचं, मागचं काहीतरी उघडं होतं.

३. मूळ फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका

सीएसव्ही (एक्सपोर्टची साधी मजकुराची फाइल) दिसली की हात शिवशिवतात. थांबा. एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचं धरत नाही, बाकीच्या जागी शून्य भरतं. ऑर्डर आयडी बऱ्याचदा १९ आकडी असतात. डबल क्लिक करून उघडली, नुसती सेव्ह केली, की शेवटचे चार आकडे गेले, आणि जवळजवळच्या ऑर्डरींचे आयडी एकसारखे होऊन बसतात. जर्नल त्यांना डुप्लिकेट समजून गाळतं आणि वर काही सांगतही नाही.

तारखांचं पण तसंच. फाइलीत ०५/०४ लिहिलंय आणि तुमच्या लॅपटॉपचं सेटिंग अमेरिकन असेल तर ५ एप्रिलचा ४ मे होतो. वाईट हे की १२ तारखेपर्यंत सगळं गपचूप उलटतं आणि १३ पासून महिना जुळत नाही म्हणून ती तारीख नुसता मजकूर बनून सेलमध्ये डावीकडे चिकटते. कॉलमात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की ओळखा.

म्हणून मूळ फाइलची कॉपी करा, मूळ एका फोल्डरमध्ये टाकून तिच्याकडे बघूसुद्धा नका. कॉपी उघडायची तर एक्सेलच्या डेटा टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्ही इम्पोर्ट करून, आयडीचा कॉलम टेक्स्ट ठेवून. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे-तारखा करण्याची टिक असते, ती काढा. आणि फाइलीत काही बदलायचंच नसेल तर उघडूच नका ना भिया, तशीच चढवा.

४. कॉलम जुळवणं

तुमच्या एक्स्चेंजसाठी जर्नलमध्ये तयार साचा असेल तर ही पायरी वाचून पुढे जा. नसेल तर जनरल इम्पोर्टमध्ये एकेक कॉलम दाखवून द्यावा लागतो: वेळ, सिम्बॉल, बाय-सेल, किंमत, क्वांटिटी, फी, फी कुठल्या नाण्यात, ट्रेड आयडी. लोक अडकतात ते इथे:

क्वांटिटी आणि अमाउंट. क्वांटिटी म्हणजे नग, अमाउंट म्हणजे बहुतेक ठिकाणी किंमत गुणिले नग. १५० च्या भावाने २० सोलाना घेतले तर क्वांटिटी २०, अमाउंट ३०००. मी अमाउंटचा कॉलम क्वांटिटीला जोडला, तर जर्नलने धरलं ३००० सोलाना, आणि तीन डॉलरच्या हालचालीत माझा नफा दाखवला ९०००. हे निदान लगेच पकडता येतं, माणूस इतका पण भोळा नसतो.

काही एक्स्चेंजवर क्वांटिटी नगांत नसून लॉट किंवा कॉन्ट्रॅक्टमध्ये असते. एक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे किती बिटकॉइन हे त्यांच्या कॉन्ट्रॅक्टच्या माहितीत लिहिलेलं असतं, त्याने गुणायचं. बायनान्स ह्या एक्स्चेंजवर कॉइन-एम म्हणजे नाण्यातच सेटल होणारे फ्यूचर्स करत असाल तर तिथे बिटकॉइनचा एक कॉन्ट्रॅक्ट १०० डॉलरचा असतो, बाकीच्यांचा १० चा, आणि नफा-तोटा डॉलरमध्ये नाही, त्या नाण्यातच येतो. यूएसडीटीवाल्या (यूएसडीटी म्हणजे डॉलरला बांधलेलं नाणं) आणि कॉइनवाल्या फायली एकत्र करू नका, अजिबात नको.

फीचं चिन्ह. काही फायलींत फी अधिक लिहितात, काहींत वजा. जर्नल फी वजा करतं, तुमच्या फाइलीत ती आधीच वजा असेल तर वजातून वजा होऊन अधिक होतं, म्हणजे जितके जास्त ट्रेड कराल तितका नफा. असं मार्केट मलाही आवडेल.

फी बीएनबीमध्ये. बायनान्सवर त्यांच्याच बीएनबी नाण्याने फी भरली की यूएसडीटी फ्यूचर्सवर १० टक्के सूट मिळते म्हणून बरेच जण ते चालू ठेवतात. मग फीच्या कॉलमात ०.००२ वगैरे दिसतं, ते बीएनबी असतात. जर्नल ते डॉलर समजलं तर तुमची फी जवळजवळ शून्य दिसते. फीच्या नाण्याचा कॉलम जोडलाच पाहिजे, जर्नलमध्ये ती सोय नसेल तर शीटमध्ये त्या दिवसाच्या भावाने गुणून घ्या.

भारतीय एक्स्चेंज असेल तर फीवर १८ टक्के जीएसटी पण असतो. तो वेगळ्या कॉलममध्ये असेल तर फीत मिळवा. दीड डॉलरची फी मग १.७७ होते.

हेज मोड. एकाच कॉइनमध्ये लॉन्ग आणि शॉर्ट दोन्ही उघडे ठेवत असाल तर पोझिशन साइडचा कॉलम जोडल्याशिवाय जर्नल दोघांची खिचडी करतं. वन-वे मोडवाल्यांनी सोडून द्या.

आणि हजारवाली नाणी. पेपे, शिबा ह्यांचे कॉन्ट्रॅक्ट बायनान्सवर नावापुढे १००० लावून येतात, कारण एका नाण्याची किंमत फारच बारीक. ते १००० नावातून काढू नका, नाहीतर जर्नल चार्टवर तुमची एंट्री हजारपट वर दाखवेल.

५. घड्याळ

बहुतेक फायली यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असतात. आपण साडेपाच तास पुढे. १५ तारखेच्या पहाटे २ वाजता घेतलेला ट्रेड फाइलीत १४ तारखेला २०:३० असा दिसतो.

बदलायचं तर एकाच जागी बदला. एकतर जर्नलच्या सेटिंगमध्ये सांगा की फाइल यूटीसी आहे आणि मला भारतीय वेळ दाखव, नाहीतर शीटमध्ये वेळेच्या सेलमध्ये ५.५ भागिले २४ मिळवा. दोन्ही केलं तर अकरा तास पुढे जाता.

ही चूक पैशांच्या हिशेबात सापडत नाही, कारण वेळ सरकली तरी बेरीज तीच राहते. माझा हिशेब सगळा जुळल्यावरसुद्धा वेळ यूटीसीच राहिली होती. जर्नलने सांगितलं तुमचे सगळ्यात जास्त तोटे संध्याकाळी ५ ते ८. मी म्हटलं ठीक आहे, संध्याकाळ बंद. ऑफिसमधून येऊन जेवून-बिवून निवांत रात्री बसायला लागलो. यूटीसीचे ५ ते ८ म्हणजे आपले रात्री साडेदहा ते दीड. म्हणजे इंदूरच्या सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी उसळलेली असते तोच वेळ, आणि मी शहाण्यासारखा नेमका त्याच वेळात अजून जास्त बसत होतो. तीन आठवडे.

तपासायचं सोपं आहे: तुम्हाला पक्का आठवतो असा एक ट्रेड घ्या, ज्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आहे, आणि त्याची वेळ जर्नलमध्ये बघा.

६. आधी एकच ट्रेड चढवा

पूर्ण फाइल टाकायची घाई करू नका. एका ट्रेडच्या ओळींची छोटी फाइल करा आणि तो ट्रेड आधी कागदावर सोडवा. माझा सोलानावाला घ्या. १५० ला २० नग घेतले, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच), १५३ ला लिमिटने (आधी ठरवलेल्या भावाला) विकले.

नफा: २० गुणिले ३, म्हणजे ६०.
घेताना फी: ३००० वर टेकर (लागलेली ऑर्डर उचलणारा) ०.०५ टक्के, १.५०.
विकताना फी: ३०६० वर मेकर (ऑर्डर लावून थांबणारा) ०.०२ टक्के, ०.६१.
हातात: ५७.८९.

जर्नलमध्ये हाच आकडा आला पाहिजे, दोन-चार पैसे इकडेतिकडे चालतील. ६० आला तर फी जोडली गेली नाही. ६२.११ आला तर फीचं चिन्ह उलटं. ९००० आला तर ते कळेलच. तुमचे फीचे दर तुमच्या लेव्हलप्रमाणे वेगळे असतील, ते एक्स्चेंजच्या फीच्या पानावरून घ्या.

असं एका लॉन्गचं आणि एका शॉर्टचं करा. मग पूर्ण फाइल.

७. फंडिंग

पर्पेच्युअल फ्यूचर्सला एक्स्पायरी नसते, म्हणून भाव स्पॉटच्या जवळ राहावा यासाठी लॉन्गवाले आणि शॉर्टवाले एकमेकांना ठराविक वेळाने पैसे देतात. दर अधिक असेल तर लॉन्ग देतो, शॉर्ट घेतो. बऱ्याच कॉन्ट्रॅक्टला हे दर आठ तासांनी होतं, आपल्या वेळेने पहाटे साडेपाच, दुपारी दीड, रात्री साडेनऊ. काही नाण्यांना चार तासांनी किंवा त्याहून लवकर.

ट्रेड हिस्ट्रीत फंडिंग बहुतेक ठिकाणी नसतं. ते ट्रान्झॅक्शन हिस्ट्रीत. वरचा सोलाना मी मंगळवारी रात्री आठला घेतला आणि बुधवारी दुपारी दोनला विकला, मध्ये तीन फंडिंग गेले. दर ०.०१ टक्के धरला तर दर वेळी ३० सेंट, एकूण ९० सेंट, म्हणजे खरे हातात ५६.९९. क्षुल्लक वाटतंय ना? तीच पोझिशन आठवडाभर ठेवली तर एकवीस वेळा, ६.३० डॉलर, दोन्ही बाजूंच्या फीच्या तिप्पट. आणि बाजार तापलेला असला की दर ह्याच्या कितीतरी पट असतो.

जर्नलमध्ये फंडिंगची फाइल वेगळी चढवायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर शीटमध्ये महिन्याची बेरीज काढून एक ओळ हातानं टाका, "फंडिंग, एप्रिल", वजा इतके. प्रत्येक ट्रेडला वाटत बसलात तर म्हातारे व्हाल.

८. ताळा

आता ती कोरी वही काढा. काकांनी हे मला पेनानेच करायला लावलं, आणि त्यांचं बरोबर होतं, स्क्रीनवर माणूस आकड्यावरून नजर फिरवून पुढे जातो.

ट्रान्झॅक्शन हिस्ट्रीत प्रकारानुसार बेरजा करा, शीटमध्ये पिव्हट टेबलने दोन मिनिटांचं काम. माझ्या तीन महिन्यांच्या अशा निघाल्या, सगळं यूएसडीटीमध्ये:

सुरुवातीची शिल्लक ८१२.४०
ट्रान्सफर आत २००.००
ट्रान्सफर बाहेर वजा १५०.००
रिअलाइज्ड पीएनएल वजा ३८.७५
कमिशन वजा ६१.२०
फंडिंग वजा ९.८५
अखेर ७५२.६०

ही अखेर तुमच्या फ्यूचर्स वॉलेटच्या शिल्लकेशी जुळली पाहिजे. वॉलेट बॅलन्स बघायचा, मार्जिन बॅलन्स नाही, त्यात उघड्या पोझिशनचा कागदी नफा-तोटा मिसळलेला असतो. फी बीएनबीत जात असेल तर बीएनबीच्या शिलकेचा असाच वेगळा ताळा करा.

मग जर्नलकडे या. जर्नलचा एकूण निव्वळ आकडा म्हणजे पीएनएल, कमिशन आणि फंडिंग ह्या तिघांची बेरीज, माझ्या बाबतीत वजा १०९.८०. साडेचारशे अधिकवरून एकशेदहा वजावर. बघून पोटात गोळा आला, पण त्याच कागदावर मला पहिल्यांदा दिसलं की भावाच्या अंदाजात मी ३८ डॉलर घालवले आणि फीमध्ये ६१. निम्मे ट्रेड केले असते तरी चाललं असतं, मार्केट ऑर्डरची खाज कमी केली असती तरी.

फरक येत असेल तर शोधायची क्रमवारी सांगतो. फरक बरोबर फंडिंगच्या बेरजेइतका आहे का? कमिशनइतका, किंवा कमिशनच्या दुप्पट? दुप्पट असेल तर चिन्ह उलटं. कशालाच जुळत नसेल तर एकेक कॉइन घ्या, जर्नलचा आणि फाइलीचा रिअलाइज्ड आकडा शेजारी लिहा, जो कॉइन फुटलाय तो लगेच दिसतो, आणि दहातल्या आठ वेळा तो कॉइन सुरुवातीला उघडा होता, म्हणजे पायरी २. लिक्विडेशन (एक्स्चेंजने पोझिशन जबरदस्तीने बंद करणं) झालं असेल तर लिक्विडेशनची वेगळी कपात ट्रान्झॅक्शन हिस्ट्रीत इन्शुरन्सच्या नावाने असते, ती पण बघा. कॉपी ट्रेडिंग किंवा बॉट वापरत असाल तर त्यांचा हिशेब बऱ्याचदा वेगळ्या खात्यात असतो आणि ह्या फायलीत येतच नाही.

एक-दोन डॉलरचा फरक सोडून द्यावा का? मी सोडतो. काका सोडत नाहीत.

टॅक्सबद्दल एवढंच: हा जर्नलचा आकडा म्हणजे रिटर्नचा आकडा नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून व्हर्च्युअल डिजिटल अ‍ॅसेटच्या (क्रिप्टो वगैरेच्या) नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस हे तुम्हाला माहीत असेल, पण डेरिव्हेटिव्ह कशात बसवायचे ते तुमच्या सीएच्या समोर ह्याच दोन मूळ फायली ठेवून ठरवा. जर्नलचे रंगीत स्क्रीनशॉट त्याला पाठवू नका, तो काकांपेक्षा जास्त चिडतो.

९. पुढच्या महिन्यात परत इम्पोर्ट करताना

जुनी फाइल ३० जूनला संपली असेल तर नवी १ जुलैपासून, पण यूटीसीचा दिवस धरून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. तारखा एकमेकांवर चढल्या तर चांगलं जर्नल ट्रेड आयडीवरून डुप्लिकेट ओळखतं, साधं ओळखत नाही आणि तुमचे सौदे दुप्पट होतात. इम्पोर्टच्या आधी आणि नंतर एकूण ओळींचा आकडा लिहून ठेवा. फाइलीला नाव द्या तारखांसकट, "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरी" असं नको, मी तिन्ही केलेत.

बिघडलंच तर दुरुस्त करत बसू नका. तो इम्पोर्ट पूर्ण उडवा आणि मूळ फाइलीवरून परत घ्या.

१०. एपीआय जोडावी का

एपीआय म्हणजे एक्स्चेंज आणि जर्नल ह्यांच्यातली थेट जोडणी. ती जोडली की रोज आपोआप ट्रेड येतात, फायलींची झंझट संपते. पण जुना इतिहास बहुतेक ठिकाणी काही महिन्यांपुरताच मिळतो, म्हणून मागचं फाइलीने आणि पुढचं एपीआयने असं करतात, आणि सांध्यावर डुप्लिकेट बघतात.

एपीआयची की (किल्ली) बनवताना फक्त रीड, म्हणजे बघण्याची परवानगी, ठेवा. ट्रेडिंगची टिक नको, विड्रॉलची तर नकोच नको. जर्नलने आयपी पत्ता दिला असेल तर की त्याच पत्त्याला बांधा. बायबिटवर आयपी न बांधलेली की तीन महिन्यांनी मरते, तेव्हा जर्नलमध्ये अचानक ट्रेड यायचे बंद झाले तर आधी हे बघा. कीसोबतचं सीक्रेट (पासवर्डसारखं) एकदाच दिसतं, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलासुद्धा पाठवू नका. आणि कोणी टेलिग्रामवर म्हणालं की भिया मी सेट करून देतो, की पाठव, तर त्याला ब्लॉक करा.

११. जे फाइलीत नसतं ते

स्टॉप (तोटा थांबवायचा भाव) कुठे ठरवला होता हे ट्रेड हिस्ट्रीत येत नाही. त्याशिवाय किती जोखीम घेऊन किती मिळवलं हे जर्नल काढू शकत नाही, तो रकाना रिकामाच राहतो. लिव्हरेज पण बऱ्याचदा नसतं. आणि का घेतला हे तर कुठल्याच एक्स्चेंजला माहीत नसतं. हे हातानं भरायचं, त्याच दिवशी, कारण रविवारी बसून भरलं की आपण स्वतःचीच बाजू घेऊन कारणं लिहितो.

मी सुरुवातीला लांबलचक नोट्स लिहायचो, टिकलं नाही. आता कारणाचे पाच-सहाच टॅग आहेत. त्यातला एक आहे "छप्पनला उभ्या-उभ्या", म्हणजे छप्पन दुकानला एका हातात हॉट डॉग धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर घेतलेले ट्रेड. तीन महिन्यांत असे अकरा निघाले. नऊ तोट्यात, आणि अकराच्या अकरा मार्केट ऑर्डर.